दीक्षेने माणूस चांगला होतो काय?

नवदीक्षित कुटुंबांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. विचारणारा बहुधा घरातला तरुण मुलगा किंवा शिकलेली सून असते, आणि विचारताना आवाज थोडा खाली येतो. ‘आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. देव्हारा काढला, नवस, उतारे, अंगात येणे सगळे बंद केले. पण घरातली माणसे होती तशीच राहिली. वडिलांची दारू सुटली नाही, भावाभावांचे बोलणे नाही, आई सुनेला पूर्वी बोलत होती तशीच आज बोलते. मग दीक्षेने झाले काय?’

अशा वेळी पुष्कळदा विचारणाऱ्यालाच दटावले जाते. असे बोलल्याने समाजाची बदनामी होते, विरोधकांच्या हाती कोलीत मिळते, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसविण्याची रीत आपण ज्या धर्मातून बाहेर पडलो त्या धर्माची होती. तथागतांच्या धम्मात ती नाही. म्हणून हा प्रश्न उघडपणे घेतला पाहिजे.

प्रथम बावीस प्रतिज्ञांकडे पाहा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंच्या जनसमुदायाला या प्रतिज्ञा दिल्या. सुरुवातीच्या बहुतेक प्रतिज्ञा सोडण्याच्या आहेत. अमुक देव मानणार नाही, अमुक विधी करणार नाही. त्या पाळायला धैर्य लागते हे खरे, विशेषतः खेड्यात, जिथे गावाशी वैर घ्यावे लागते. पण सोडण्याचे काम एका दिवसात पुरे होऊ शकते. पुढच्या प्रतिज्ञा धरण्याच्या आहेत: सर्व माणसे समान मानीन, प्राणिमात्रांवर दया करीन, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. या एका दिवसात पुऱ्या होत नाहीत. त्या रोज नव्याने पाळाव्या लागतात. आपल्या घरात ज्या गोष्टी बदलल्या त्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या आहेत आणि ज्या बदलल्या नाहीत त्या दुसऱ्या. तेव्हा दीक्षा वाया गेली असे म्हणता येत नाही; अर्धे काम झाले आणि अर्धे राहिले, एवढेच म्हणता येते.

पण हे उरलेले अर्धे काम कशाने होते? दीक्षाविधी अधिक निष्ठेने केल्याने होते काय? नियम अधिक कडक केल्याने? की शिक्षणाने? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक हकीकत आहे, ती या ठिकाणी फार उपयोगी पडते.

तथागत मल्लांच्या अनुपिय नावाच्या गावी असताना शाक्य कुळातले सहा तरुण त्यांच्याकडे दीक्षेसाठी निघाले. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त. बरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. सीमेवर पोचल्यावर तरुणांनी अंगावरचे दागिने उतरवून उपालीला दिले आणि परत जायला सांगितले. उपाली थोडा मागे गेला आणि त्याच्या मनात आले की हे दागिने घेऊन मी घरी गेलो तर शाक्य म्हणतील, यानेच पोरांचा घात केला, आणि मला जिवंत सोडणार नाहीत. गरीब माणसाची ही भीती आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्याने गाठोडे झाडाला टांगले, ज्याला हवे त्याने न्यावे म्हटले, आणि तोही दीक्षेला निघाला. तेव्हा त्या सहा जणांनी तथागतांना विनंती केली की आम्हा शाक्यांना कुळाचा फार गर्व आहे. म्हणून या उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल, आणि आमचा गर्व उतरेल. तथागतांनी तसेच केले.

आपल्या वक्त्यांना ही कथा आवडते, आणि ती आवडावी अशीच आहे. परंतु वक्ते तिथेच थांबतात. न्हाव्याच्या पाया पडणाऱ्या त्या सहा जणांत देवदत्तही होता, याचा विचार कोणी करीत नाही. सातही जणांची दीक्षा एकाच गुरूकडून झाली, विधी एकच होता. त्यांतला आनंद पुढे तथागतांचा अखंड सेवक झाला, उपाली संघात विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला, आणि देवदत्ताने तथागतांना मारण्यासाठी मारेकरी पाठविले, गृध्रकूटावरून शिळा लोटली, राजगृहाच्या रस्त्यावर नालागिरी हत्ती सोडविला. दीक्षेतच माणूस चांगला करण्याची शक्ती असती तर देवदत्त असा का निपजला?

कोणी म्हणेल, देवदत्ताची साधना कमी पडली असेल. तसेही नव्हते. ग्रंथ सांगतात की त्याला ध्यानातून मोठे सामर्थ्य मिळाले होते. त्या सामर्थ्याने त्याने राजपुत्र अजातशत्रूला भारून टाकले आणि मानसन्मान मिळविला. केळीला घड आला की तोच घड केळीच्या नाशाला कारण होतो, तसे हे झाले, असे तथागतांनी त्याच्याविषयी म्हटले होते. मग कोणी म्हणेल, तो नियमात ढिला असेल. हे तर अगदी उलटे आहे! देवदत्ताने अशी मागणी केली की भिक्खूंनी जन्मभर अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, कोणाचे निमंत्रण घेऊ नये, टाकलेल्या चिंध्यांचेच चीवर नेसावे, झाडाखालीच राहावे आणि मासे-मांस खाऊ नये. पाचही नियम तथागतांच्या नियमांपेक्षा कडक. तथागतांनी नकार दिला. ज्याला अरण्यात राहायचे त्याने अरण्यात राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे त्याने गावाजवळ राहावे, अशा प्रकारचे उत्तर दिले. तेव्हा लोकांत बोलबाला झाला की देवदत्त खरा विरक्त आणि गौतम चैनीत राहणारा. वैशालीचे पाचशे भिक्खू देवदत्ताच्या मागे गेले. ते सगळे नवदीक्षित होते. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी जाऊन त्यांना परत आणले.

नवदीक्षितांना कडकपणाचे आकर्षण असते, हे आजही दिसते. कोणाच्या लग्नात हळद लागली, कोणाच्या हातात दोरा दिसला, कोणी दिवाळीला पणती लावली, यावर आपल्या वस्त्यांतून जेवढी चर्चा होते तेवढी कोणी बायकोवर हात उगारला यावर होत नाही. जुने संस्कार पुसले पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण दुसऱ्याच्या मनगटावरचा दोरा मोजणारा माणूस तेवढ्यामुळे चांगला झाला असे समजणे म्हणजे देवदत्ताच्या मागे जाणे होय.

बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, त्यात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कोणत्या कसोटीने निवाडा करावा ते सांगते. नियमाने केलेल्या कृतीची जबाबदारी करणाऱ्यावर येत नाही, कारण तो हुकूम पाळीत असतो. तत्त्वाने केलेल्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि जिथे जबाबदारी नाही तिथे धार्मिक कृत्यच नाही. देवदत्ताला नियम हवे होते. तथागतांनी निवड माणसाच्या हाती ठेवली.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. शिक्षणाशिवाय आपला उद्धार नाही. पण प्रज्ञा ही तलवारीसारखी आहे, शीलवानाच्या हाती ती दुसऱ्याचा जीव वाचवील आणि शीलहीनाच्या हाती खून करील, असे बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात म्हणतात. साहेब झालेला मुलगा गावाकडच्या बापाची ओळख द्यायला लाजतो, हे कोणत्या वस्तीत घडलेले नाही?

मग उरते काय? उरते ती एक अगदी साधी सवय, आणि ती तथागतांनी आपल्या मुलाला शिकविली. मज्झिम निकायातील एकसष्टावे सुत्त अंबलट्ठिका-राहुलोवाद या नावाने ओळखले जाते. राहुल राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहत होता. तथागत त्याच्याकडे गेले. त्याने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुतल्यावर तथागतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, हे थोडेसे पाणी दिसते ना? ज्याला जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज वाटत नाही त्याचा श्रमणपणा एवढाच. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तेच सांगितले. थट्टेतसुद्धा खोटे बोलणार नाही, असे शिकावे, म्हणाले.

नंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच काया, वाचा आणि मन यांनी जे करशील ते पाहून करावे. करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे, केल्यानंतर पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? होत असेल तर करू नये. करीत असलास तर तिथेच थांबावे. करून झाले असेल तर गुरूजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ ते उघड सांगावे आणि पुढे आवरावे.

या उपदेशात देव नाही, पापपुण्याचा हिशेब ठेवणारा कोणी नाही, नरकाची धमकीही नाही. कसोटी एकच आहे, पीडा होते की नाही. आणि ती लावणारा स्वतः करणाराच आहे. तरीही त्याला एकटे सोडलेले नाही. चूक दुसऱ्या माणसाजवळ बोलून दाखवावी लागते. माझ्या मते या उपदेशातला सर्वांत कठीण भाग हाच आहे. कारण आपण विहारात पंचशील एका सुरात म्हणतो, पण त्यातले कोणते शील या आठवड्यात मोडले ते कोणाला सांगत नाही.

आता घरातले पाहू. उसने दिलेल्या पैशाला माणूस दारात येतो आणि बाप आतून मुलाला म्हणतो, ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग.’ त्याच संध्याकाळी तोच बाप मुलाकडून पंचशील पाठ करून घेतो. मूल काय शिकते? राहुलाचा बाप मुलाला खोटे न बोलण्याचे शिकवायला स्वतः चालत गेला होता. सून भाकरी करते आणि सासू तिच्या माहेरचा उद्धार करते; इथे बोलण्यापूर्वी एक श्वासभर थांबता आले तर तो धम्म आहे. थांबता आले नाही आणि संध्याकाळी ‘मुली, मी जास्त बोलले’ एवढे म्हणता आले तर तोही धम्मच आहे, आणि मला वाटते त्याची किंमत अधिक आहे. दारू सोडलेला माणूस पुन्हा प्याला तर त्याला विहारात यायला तोंड नाही असे करून टाकू नये. त्याला सांगायला जागा पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ‘ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांनी आधी सुधारावे. आम्हालाच शील शिकविता?’ याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. आपले हक्क आपल्या चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाहीत. दारुड्या माणसालाही सार्वजनिक विहिरीचे पाणी मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी लढले पाहिजे. ‘आधी स्वच्छ व्हा, चांगले व्हा, मग जवळ घेऊ’ असे सांगणारे सुधारक आपण पुष्कळ पाहिले. शील त्यांना दाखविण्यासाठी नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाताखालीही कोणीतरी असते, आणि त्या कोणाला आपल्यापासून पीडा होते काय, एवढाच शीलाचा प्रश्न आहे.

जातीची रचना बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून सांगितली. वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारी तुच्छता. तिची खुबी अशी की प्रत्येकाला तुडवायला खाली कोणीतरी मिळते. आपण तिच्यातून बाहेर पडलो, पण खाली कोणी शोधण्याची खोड बरोबर आणली काय? लग्नाची बोलणी चालू असताना ‘तेही बौद्धच आहेत, पण मूळचे कोण?’ असे हळूच विचारले जाते, तेव्हा ती बरोबर आली हे समजावे. त्या शाक्य तरुणांना आपला रोग ठाऊक होता आणि औषध त्यांनी स्वतः मागून घेतले. वंदन खालच्या बाजूला करायचे होते. देवदत्ताने कमरेत वाकून ते एकदा केले. मनाने पुन्हा कधी केले नाही, असे त्याच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांसाठी. जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही आणि जन्माने कोणी वृषल होत नाही, कर्माने होतो, हे तथागतांचे म्हणणे आपण अभिमानाने सांगतो. तेच माप आपल्यालाही लागते. बौद्धाच्या पोटी जन्मल्याने कोणी बौद्ध होत नाही. शाळेच्या दाखल्यावर शब्द लिहिता येतो, तो जरूर लिहावा, तो आपला अधिकार आहे. परंतु आरसा ज्याचा त्यालाच हाती घ्यावा लागतो.

राहुलाला केलेला हा उपदेश केवळ भिक्खूंसाठी आहे असे कोणी समजू नये. राजस्थानात बैराट येथे सम्राट अशोकाचा एक शिलालेख 1840 साली सापडला, तो कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत ठेवलेला आहे. त्यात अशोकाने धम्माची सात प्रकरणे नावानिशी सांगितली आहेत आणि त्यांतले शेवटचे, खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश, हे आहे. ती भिक्खू-भिक्खुणींनी वारंवार ऐकावी आणि मनात धरावी, आणि तसेच उपासकांनी व उपासिकांनीही, असे त्याने कोरून ठेवले. वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होत असते. त्यातली एक संध्याकाळ या सुत्तासाठी ठेवता येईल. वाचायला फार वेळ लागत नाही. वाचून झाल्यावर चहा होईपर्यंत थोडे थांबावे, आणि कोणाला काही सांगायचे असेल तर त्याला सांगू द्यावे.