वाहनाचा धक्का आणि बंद्यांचे हक्क

रमजानमध्ये सोलापूरच्या विजापूर वेस परिसरात किती गर्दी असते, हे वाचकांना सांगायला नको. अशा गर्दीत मोटार मागे घेताना ती उभ्या रिक्षाला घासली आणि मडगार्डला पोचा आला. रिक्षाचालक नमाजसाठी मस्जिदमध्ये आहे. कोणी पाहिलेले नाही. आता मोटारीत बसलेल्या श्रद्धावंताने काय करावे?

‘मुद्दाम केले नाही’ हे उत्तर मनात प्रथम येते. ते अर्धेच खरे आहे. अनवधानाने घडलेल्या कृत्याचे पाप धरले जात नाही. परंतु दुसऱ्याचे नुकसान त्यामुळे भरून निघत नाही. सूरह अन्-निसाच्या आयत ९२ मध्ये चुकून झालेल्या मनुष्यवधासाठीही मृताच्या वारसांना दियत देण्याचा आदेश आहे. वारसांनी स्वेच्छेने सोडली तरच ती सुटते. जेथे हेतू नसतानाही प्राणाची भरपाई द्यावी लागते, तेथे पत्र्याची का नको? हा हुकूकुल इबादचा, म्हणजे बंद्यांच्या हक्काचा प्रश्न आहे. तो केवळ तौबा केल्याने मिटत नाही. ज्याचा हक्क आहे त्याला तो पोहोचवावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो.

माननीय अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग सहीह बुखारीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या एका पत्नीच्या घरी असताना दुसऱ्या पत्नीने सेवकाबरोबर जेवणाचे भांडे पाठविले. घरातील पत्नीने हात मारला आणि भांडे फुटले. प्रेषितांनी (स.) आधी तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न वेचले आणि उपस्थितांना जेवू घातले. सेवकाला मात्र थांबवून ठेवले. ज्या घरात भांडे फुटले त्या घरातील अखंड भांडे त्याच्या हाती दिले आणि फुटके तेथेच ठेवून घेतले. रागावणे नाही, आरडाओरडा नाही आणि भरपाईत चालढकलही नाही. सात रस्त्यावर दोन वाहने घासताच गल्ला पकडणाऱ्यांनी आणि ‘जाऊ द्या हो, एवढेसे तर आहे’ म्हणून निसटणाऱ्यांनी, दोघांनीही हा क्रम पाहावा.

सूरह अल्-अंबियात माननीय दाऊद (अ.) आणि माननीय सुलैमान (अ.) यांच्यापुढे आलेल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. रात्री मेंढ्यांनी दुसऱ्याचे शेत खाल्ले होते. भाष्यकारांनी सुलैमान (अ.) यांचा निवाडा असा दिला आहे : मेंढपाळाने शेत पूर्ववत करावे आणि तोवर मेंढ्यांचे दूध व लोकर शेतमालकाने घ्यावी. मला यात रिक्षाचालक दिसतो. गॅरेजमध्ये रिक्षा दोन दिवस उभी राहिली तर त्याच्या घरी दोन दिवसांची कमाई येत नाही. डेंटिंग-पेंटिंगचे पैसे देऊन हात झटकणाऱ्याने तिकडेही पाहावे.

ज्याचे नुकसान झाले त्याचीही कसोटी असते. जुना ओरखडा या धक्क्याच्या खात्यात घालून नवा बंपर मागणे हे दुसऱ्याचे धन अन्यायाने खाणे होय. माफ करणे पुण्याचे आहे, पण ती माफी त्याने आपणहून द्यावी. चार माणसे जमवून वदवून घेतलेली माफी ही माफी नव्हे.

देशाचा कायदाही येथे वेगळे सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे कोणी जखमी झाल्यास त्याच्यावर उपचार होतील याची व्यवस्था करणे चालकावर बंधनकारक आहे. जागेवर पोलीस नसल्यास जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवावे लागते, आणि विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यावी लागते. वाहन परवाना नसलेला मुलगा चालवत होता आणि कागदावर वडिलांचे नाव लिहिले, तर ती खोटी साक्ष ठरते, मग रक्कम कितीही लहान असो.

आता त्या रिक्षाकडे येऊ. नमाज सुटेपर्यंत थांबावे. थांबणे शक्यच नसेल तर नाव, मोबाइल क्रमांक आणि काय घडले ते लिहून चिठ्ठी हँडलला अडकवावी, शेजारच्या दुकानदारालाही सांगून ठेवावे आणि रिक्षाचा क्रमांक टिपून घ्यावा. पुष्कळ शोधूनही मालक सापडला नाही, तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने सदका म्हणून द्यावी, असे विद्वान सांगतात. पुढे तो भेटला आणि त्याने पैसे मागितले, तर ते त्याला द्यावेत. दिलेल्या सदक्याचे पुण्य मग देणाऱ्याचे.