पापणीचं काम

उतारवयात सैल पडलेल्या पापण्यांवर शस्त्रक्रिया करणं म्हणजे निव्वळ हौस, असं सर्रास म्हटलं जातं. पण कुष्ठरोगात चेहऱ्याची नस निकामी झाली की पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, दृष्टीही जाऊ शकते. अशा वेळी शल्यविशारद कानशिलाच्या स्नायूची पट्टी पापण्यांत ओवतात. मग रुग्णानं दात आवळले की डोळा मिटतो. याला कुणी हौस म्हणेल का? मग म्हातारपणी पापणी बुबुळावर उतरून वरचं दिसेनासं झालं, तर तिथं संकोच कसला?

सुरकुत्यांचंही दुःख असतंच, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे; पण ते बहुतेकदा लोकांच्या नजरेनं दिलेलं असतं. बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांनाही कित्येक घरांनी दार उघडलं नाही. त्या नजरेवर सुरी चालत नाही. म्हणून शस्त्रक्रिया ठरवण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टी तपासून घ्यावी, डोळे कोरडे पडत असतील तर तेही सांगावं. कातडी जास्त कापली गेली, तर चांगली पापणीसुद्धा मिटेनाशी होते.