संकोच कोणाचा?

कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांस कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमिले. पुरुष वैद्यापुढे तोंड न उघडणाऱ्या स्त्रीस बोलावयास कोणी तरी मिळाले. आज त्याच बावड्यात १९८९ साली निघालेले डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि देशभर निवासी डॉक्टरांत मुलीही पुष्कळ आहेत. मग स्त्री बोलू लागली काय? आम्हांस तसे वाटत नाही. कारण, कोठेही जा, तिला बहुधा कोणी विचारीतच नाही.

मधुमेही पुरुषास वैवाहिक सुखात काही न्यून आले काय, असे डॉक्टर कधीमधी तरी विचारितो. मधुमेही स्त्रीचे डोळे पाहतात, पाय पाहतात आणि तिला घरी पाठवितात. वस्तुतः रक्तवाहिन्या व मज्जातंतू तिचेही बिघडतात. बाळंतपणातील टाक्यांमुळे समागमात होणारी वेदना, ऋतुनिवृत्तीनंतरची शुष्कता, मनोविकारावरील काही औषधांनी मावळणारी इच्छा, यांवर उपाय आहेत. प्रश्न मात्र नाही. ‘बायका सांगत नाहीत’, हे ठरलेले उत्तर. रुग्णेस संकोच असतो हे खरे. परंतु डॉक्टर आपल्याच संकोचास तिची मर्यादा असे नाव देतो, असा आमचा आरोप आहे.

आणि हीच विद्या दुसरीकडे किती निःसंकोच! ‘कौमार्याची लक्षणे’ न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतून विद्यार्थी घोकीत आले. अत्याचार झालेल्या स्त्रीची दोन बोटांची तपासणी अशास्त्रीय आहे, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी होय, हे सर्वोच्च न्यायालयास ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावावे लागले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात योनिपटलाचे माहात्म्य पुनश्च अवतरले. गिल्ला होताच सप्टेंबरात तो मागे घेतला गेला. शीलाची परीक्षा घेण्याचे धैर्य होते, दुखण्याची चौकशी करण्याचे नव्हते!

पान गेले, बरे झाले. पण रिकाम्या जागी काय शिकवावयाचे? असे प्रश्न म्हणजे आगळीक, असे काही सज्जन म्हणतील. नकार देण्याची मुभा ठेवून विचारलेला प्रश्न आगळीक कसा? सोबत आलेल्या सासूबाईंस बाहेर बसवावे, पडदा ओढावा, आणि ‘पुष्कळ बायकांस असा त्रास होतो, तुम्हांस होतो काय?’ एवढेच विचारावे. हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ती ‘नको’ म्हणाली, तर तेथेच थांबावे. पुढील खेपेस पुन्हा विचारावे.