आजीला उपासिका म्हणावे काय?

आजी वारली त्याच्या तिसऱ्या दिवशी वडिलांनी माझ्या हातात एक कागद दिला. जलदान विधीची पत्रिका छापायची होती. घरात शिकलेली मी, शाळेत मराठी शिकवणारी. तेव्हा मजकूर मीच लिहावा असे सर्वांचे म्हणणे पडले. कागदावर वडिलांनी आपल्या हाताने एक ओळ आधीच लिहून ठेवली होती. कालकथित आजीचे नाव आणि पुढे, "या निष्ठावान धम्म-उपासिका होत्या." ती ओळ वाचून मी थबकले. आजी उपासिका नव्हती. तिच्या गळ्यात शेवटच्या श्वासापर्यंत तुळशीची माळ होती.

उपासक-उपासिकांनो, हे माझ्या घरचे गाऱ्हाणे म्हणून मी येथे मांडत नाही. आपल्यापैकी जे नव्याने धम्मात आले आहेत, त्यांच्या पुष्कळ घरांत असे एखादे म्हातारे माणूस असते. घर विहाराकडे निघते आणि ते माणूस मागे, आपल्या देवापाशी, बसून राहते. ते गेल्यावर त्याच्याविषयी आपण काय सांगायचे?

आम्ही मंगळवेढा भागातले मातंग. आजी घायपाताचा वाख काढून दोर वळायची, शिंदीच्या केरसुण्या बांधायची आणि डोक्यावर भारा घेऊन आठवडी बाजार करायची. माझ्या बी. ए.ची फी त्या केरसुण्यांतून निघाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजीला अक्षर ओळखता येत नव्हते. पण दर आषाढीला ती पायी पंढरपूर गाठायची आणि एकादशीला पाण्यावाचून काही घ्यायची नाही. तिची आई वारीला जाई तेव्हा चोखोबांच्या समाधीपाशी थांबून, महाद्वाराबाहेरूनच कळसाला हात जोडून परत फिरे. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले आणि अस्पृश्यांना देऊळ खुले झाले, तेव्हा आजी लहान होती. "मी परकरात व्हते. आय मला घिऊन आत गेली आन् भाईर यिऊन रडली," असे ती सांगे. का रडली, हे मी विचारले नाही. लहानपणी सुचले नाही आणि पुढे राहून गेले.

२००६ साली, धम्मचक्र प्रवर्तनाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, आमच्या घराने नागपूरला दीक्षा घेतली. निघण्याच्या आदल्या रात्री आजीने आम्हा सर्वांसाठी भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वडिलांनी तिला पुन्हा एकदा विचारले. ती म्हणाली, "तुमी जावा. बाबासायबांनी तुमास्नी शाळंत घातलं, त्येंचं तुमी ऐकाया पायजे. पर माजं सगळं वय इठोबासंगं बोलण्यात गेलं. आता दुसऱ्यासंगं काय बोलू?" आम्ही परत आलो तेव्हा अंगण सारवलेले होते. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी तिनेच काढून आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. "ह्ये घर आता तुमचं," एवढेच बोलली.

इथवर सांगून थांबले तर वाचणाराचे मन भरून येईल आणि आजी संत ठरेल. पण तिच्या श्रद्धेने काय केले तेही सांगितले पाहिजे. माझ्या वडिलांच्या पाठचा एक भाऊ होता. चार वर्षांचा असताना त्याला ताप आला. आजीने अंगारा लावला, नवस बोलला, तीन दिवस देवापुढे दिवा तेवत ठेवला. चौथ्या दिवशी पोर गेले. दवाखाना दोन कोसांवर होता. ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितली नाही, तिनेच सांगितली. "माज्या हातनं गेला," म्हणायची. देवाने नेला असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. त्यानंतर वस्तीत कुणाचे मूल तापले की ती त्या आईला दटावून दवाखान्यात नेई; लस टोचायला नर्सबाई आल्या की घराघरांतून पोरे गोळा करून आणी. तरी त्याच वर्षी ती वारीलाही गेली. हे दोन्ही एका माणसात कसे राहत होते, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

माझा चुलतभाऊ कार्यकर्ता आहे, मनाने चांगला. तो म्हणाला, आजी अंधश्रद्धेत जगली, अंधश्रद्धेत गेली. पत्रिकेत फक्त नाव आणि तारीख छापा, पेटी नदीत सोडा. वडिलांचे म्हणणे याच्या उलट होते. "ती कधी खोटं बोलली? कुणाची काडी उचलली? घरात दारूचा थेंब येऊ दिला? मग पंचशील आणखी काय असतं? मनानं ती बौद्धच होती." वडिलांचा कंठ दाटला होता, म्हणून त्या वेळी मी वाद घातला नाही. तो इथे घालते.

चुलतभावाचे उत्तर सोपे आहे. ज्या हातांच्या केरसुण्यांवर आपण शिकलो, ते हात अडाणी होते म्हणून विसरायचे, ही कृतघ्नता झाली. आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन माणूस शंभर वर्षे चालला तरी त्यांचे ऋण फिटत नाही, असे भगवान बुद्धांनी सांगितले आहे. आईबाप कोणत्या देवाचे, अशी अट त्यांनी तेथे घातलेली नाही.

वडिलांचे म्हणणे मात्र मोहात पाडते. चांगले दिसेल ते सारे आपले, असे म्हणायला कुणाला आवडणार नाही? पण दीक्षा ही ज्याची त्याने आपल्या इच्छेने घ्यायची असते. आजीला ती देऊ केली होती आणि तिने स्पष्ट शब्दांत नाकारली होती. जिवंतपणी जे तिने घेतले नाही, ते मेल्यावर तिच्या अंगावर घालायचे, तर आपण तिचे मत विचारले कशाला? शिवाय "मुसावादा वेरमणी" म्हणताना मेलेल्या माणसाविषयीचे असत्य वगळा, असे कुठे सांगितले आहे?

येथे मला बाबासाहेबांचीच वागणूक मार्गदर्शक वाटते. रमाईंना पंढरपूरला जाण्याची ओढ होती. अस्पृश्य म्हणून बाहेर उभे राहावे लागेल अशा ठिकाणी बाबासाहेबांनी त्यांना नेले नाही. आपण आपल्या आचरणाने दुसरी पंढरी उभी करू असे समजावले, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. येवल्याची घोषणा झाली १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, म्हणजे त्यानंतर. पुढे पाकिस्तानवरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांच्या मनाचा चांगुलपणा, चारित्र्य आणि सोबतीने सोसलेले हाल यांचा उल्लेख आहे. त्या कुठल्या पंथाच्या होत्या याचा एक शब्द नाही. १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. तिघेही भक्त. ज्याने भक्तिमार्ग आपल्या लोकांसाठी स्वीकारला नाही, त्यानेच भक्तांना मान दिला आणि मान देताना त्यांना भक्तच राहू दिले.

सिगालाची गोष्ट आपण विहारात ऐकतो. मरणाऱ्या बापाने सांगितले म्हणून तो पोरगा रोज सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करी. राजगृहाजवळ तथागतांनी त्याला पाहिले. तुझा बाप मूर्ख होता, असे ते म्हणाले नाहीत. तुझा बाप मनातून माझाच शिष्य होता, असेही म्हणाले नाहीत. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, असा सहा दिशांचा नवा अर्थ त्यांनी सिगालाला दिला, म्हणजे जो समोर जिवंत उभा होता त्याला. त्याच उपदेशात मुलांची कर्तव्ये सांगताना, आईबाप गेल्यावर त्यांच्या नावे दान करावे, हेही आले आहे. ते आपल्याला करता येते. आजीच्या नावे आम्ही वस्तीतल्या शाळेला पाटीपुस्तके दिली.

पत्रिकेत शेवटी मी लिहिले : "दोर वळून आणि केरसुण्या विकून तीन पिढ्या वाढवणाऱ्या, पंढरीच्या वारकरी, आमच्या आजी." वडिलांनी ते दोनदा वाचले. काही बोलले नाहीत. गावाच्या नावात वेलांटी चुकली होती तेवढी दाखवली. माळ आजीच्या गळ्यातच गेली होती, तो प्रश्न उरला नव्हता.

विधीच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाले, भन्तेजी भोजन करून गेले. तिच्या दिंडीतल्या दोन म्हाताऱ्या मागे ओट्यावर बसून होत्या. त्यांतली एक दबकत वडिलांना म्हणाली, "दादा, भाईर अंगणात एक अभंग म्हनू का तिच्यासाटी?" चुलतभाऊ माझ्याकडे पाहू लागला. वाचकांपैकी काहींना हे रुचणार नाही, आणि त्यांचे चुकते असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. वडील थोडा वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने अंगणात घोंगडी अंथरली.