गुरू झालेला बाप

भोर व वेल्हे या डोंगराळ भागातील लहान गावांत मुलांना खेळ शिकवावा कोणी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक नेमून दिले. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन शिक्षक मिळावयाचा तो सहावी ते आठवीच्या वर्गांस, आणि तोही तेथील पट १०० च्या वर गेल्यास. वाड्यावस्त्यांवरील शाळेचा पट तेथवर जावयाचा कोठून? अशा ठिकाणी एके काळी स्वतः खो-खो खेळलेला एखादा बाप भातकापणी आटोपल्यावर सायंकाळी मैदानात उतरला, फक्कीने रेषा आखू लागला, तर ते गावावर उपकारच होत. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. मग मैदानच त्यांना परके का असावे?

परंतु त्या मुलींत त्याची स्वतःची मुलगीही असते, आणि येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. खो-खोत एका वेळी खेळावयाच्या नऊ जणी. आठांनी बसावयाचे, नववीने पाठलाग करावयाचा. दहावी कोणती, हे बापाने ठरवावयाचे.

आदिपर्वातील द्रोणाचार्यांची कथा वाचकांस ठाऊक असेलच. पाणी आणावयास शिष्यांना अरुंद तोंडाचे कमंडलू, अश्वत्थाम्यास मात्र रुंद तोंडाचा घडा. तो लवकर परते, आणि इतर येईपर्यंत बाप त्याला अधिक विद्या देई. अर्जुनाने हे ओळखले आणि वारुणास्त्राने कमंडलू भरून तोही वेळेवर हजर होऊ लागला. या कथेवरून गुरूने पुत्रप्रेम टाकावे असा बोध काढतात; तो मला पटत नाही. १९३९ साली अमेरिकेतील विल्यमस्पोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी मुलांच्या बेसबॉलची व्यवस्था उभारली, ती आपल्या भाच्यांना खेळावयास मिळावे म्हणून. आपल्या माणसांच्या लोभातूनच अशी कामे सुरू होतात. तो लोभ काढून घेतला तर मैदानावर बाप येणारच नाही.

याहून फसवा आहे तो दुसरा बाप. लोक नावे ठेवतील या भयाने तो मुलीला, ती चपळ असूनही, दहावी करतो. गाव त्याची वाहवा करते. वस्तुतः त्याने आपल्या नावलौकिकाची किंमत मुलीच्या हक्कातून चुकती केलेली असते; आणि तिला तर तक्रारीचीही सोय नाही, कारण अन्याय करणारा न्यायी म्हणून गाजलेला!

निवड तिऱ्हाइताने करावी, असे शहरवासी चटकन सांगेल. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत तिऱ्हाईत आणावयाचा कोठून? तेथे जो तो कोणाचा तरी चुलता नाहीतर मामा. तेव्हा निवड उघड्यावर व्हावी, एवढेच हाती उरते. सर्वांसमक्ष मुलींनी पळावे, खांबाला वळसे घ्यावेत, आणि कोणती का घेतली हे बापाने तेथेच बोलून दाखवावे. द्रोणांचा दोष पुत्राला अधिक शिकविण्यात नव्हता. तो घड्याच्या आड दडवून शिकविण्यात होता. मुलींना तर कोण किती चपळ हे रोजच्या खेळातून आधीच कळलेले असते, त्यामुळे बापाची लबाडी त्यांच्यापुढे फार काळ टिकत नाही.

आणि खरोखरच आपली मुलगी दहावी ठरली, तर घराच्या वाटेवर तिला त्याचे कारण पुन्हा एकदा, सावकाश सांगावे लागेल. ते काम मात्र गुरूचे नव्हे, बापाचे.