दगड की नोंदवही?

“पंधरा लाख किलोमीटरवरून आदित्य-एल१ सूर्यावर नजर ठेवून आहे, मग उज्जैनच्या दगडी यंत्रांवर खर्च कशाला?” ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या गप्पांत हे ऐकलं आणि ते मनात सलत राहिलं. सवाई जयसिंहाची मोडकळीस आलेली ती वेधशाळा १९२३ साली ग्वाल्हेरच्याच माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. गो. स. आपट्यांनी तिथं पुन्हा वेध घेतले. तिच्यावर बोट ठेवलेलं मला रुचणार नव्हतंच.

उपग्रहांची थोरवी सांगायला नको. सौरवादळ पृथ्वीवर आदळण्याआधी त्याची वर्दी उपग्रहच देतात, हे मान्य. पण एखादी गोष्ट स्पष्ट दिसणं वेगळं आणि तीच वर्षानुवर्षं एका पद्धतीनं टिपत राहणं वेगळं. १८५९च्या सप्टेंबरातलं महावादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं. चुंबकक्षेत्राचं आडवं बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं, ते माणसांनी डोळ्यांनी वाचून लिहून ठेवलं. त्या आकड्यांचं मोल जगाला २००३च्या संशोधनातून नव्यानं कळलं. पुढं विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं मोजमाप बिघडणार, म्हणून वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. तेव्हा नानाभाई मूस यांनी दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी ठेवल्या, मालिका तुटू दिली नाही.

थोडं विषयांतर करतो. उज्जैन कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यानं जूनमध्ये भर दुपारी तिथली शंकूची सावली नाहीशी होते. ग्वाल्हेरला ती कधीच पूर्ण मिटत नाही. उभी काठी आणि पोरांची शाळा एवढ्या भांडवलावर अक्षांशातला हा फरक मोजता येतो.

लिहायला बसलो तेव्हा दगडांची बाजू मांडायची होती. पण कुलाब्याचं उदाहरण माझ्याच विरुद्ध जातं. मूस यांनी इमारत सोडली, मालिका सोडली नाही. तोच न्याय उज्जैनला लावला, तर नुसता चुना लावून यंत्रं उभी ठेवणं म्हणजे स्मारक सांभाळणं. तिथं वेध घेऊन लिहिले जातात तेव्हाच ती वेधशाळा. प्रश्न विचारणाऱ्याचं अर्धं म्हणणं मला पटतं: निव्वळ दगडांसाठी खर्च नको. नोंदींसाठी मात्र हात आखडू नये. आदित्यच्या नोंदींनाही पुढं हाच नियम लागू आहे.

ग्वाल्हेरच्या शाळांना एवढीच विनंती: अंगणात शंकू रोवा, दुपारची सावली मोजा आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या.