फडात मोजायची तयारी

देशाची डिजिटल तयारी मोजणारा 'नेटवर्क रेडीनेस इंडेक्स' नावाचा जागतिक निर्देशांक आहे. 2024 साली त्यात 133 देशांमध्ये भारत 49वा आला. आदल्या वर्षी आपण 60वे होतो. ही प्रगती खरी आहे, आनंदाची आहे. पण ती बीड जिल्ह्यात आणून पाहिली पाहिजे.

दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात चार-पाच महिने कोपीत राहायचं. अनेकांचं गावी थोडं कोरडवाहू रान असतं. तिथली ज्वारी, हरभरा सातबाऱ्यावर चढवायचा तर ई-पीक पाहणी हवी. 2021 पासून शेतकऱ्यानं रानात उभं राहून, स्वतःच्या मोबाइलवर पिकाचा फोटो काढून ती करायची. रब्बीची पाहणी येते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा रान इथं आणि रानाचा धनी फडात. फोन आहे, ॲप आहे, रेंजही आहे; नोंद मात्र दुसऱ्याच्या हातानं होते, नाहीतर राहून जाते.

आधारशी ठसा जुळवणाऱ्या रेशनच्या मशीनपुढेही हेच. कोयत्याची मूठ धरून, पाचट ओढून बोटांच्या रेघा झिजलेल्या. बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसरं बोट लावून बघते. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. ज्या राज्यातून ही ओळख सुरू झाली, त्यानं राबणाऱ्या अंगठ्याचा विचार सर्वांत आधी करायला हवा.

गावात केबल आली का, घरात फोन किती, हे मोजावंच. पण खरी तयारी एका प्रश्नात आहे: माणसाचं काम त्याच्याच हातानं पुरं झालं का? ऊसतोड मजुराला मधल्या माणसाची किंमत ठाऊक आहे. त्याचा हिशोब आयुष्यभर मुकादमाच्या वहीत राहिला. फोन त्याच्या खिशात आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती असेल, तर फक्त वही बदलली.

म्हणून जिल्ह्याची मोजणी जानेवारीत, उसाच्या फडावर जाऊन करावी. कोपीतल्या बाईला विचारावं, गेल्या वर्षभरात फोनवरून कोणतं काम तुम्ही स्वतः पुरं केलंत? तिचं उत्तर हाच तयारीचा पहिला आकडा धरावा.